वऱ्हाड दगडाचं का झालं?

परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलेल्या योगेश्वरी देवीचा मुहूर्त टळला, ती अंबाजोगाईलाच राहिली आणि वऱ्हाड दगडाचं झालं, अशी बीड जिल्ह्यातली दंतकथा. अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यातले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले म्हणे! ते तर कोरीव लेणं, मग कथा भाकडच, असा आक्षेप येईल. इतिहास म्हणून तो बरोबरच आहे. पण सुमारे २५ किलोमीटर अंतरावरची दोन देवस्थानं, एक लेणं आणि देवीचं कुमारिका असणं, हे सगळं या कथेने एका नात्यात बांधलं. कादंबरीसाठी काल्पनिक जग रचणारे मात्र अनेकदा देवांची वंशावळ आधी मांडतात, पण त्या देवांमुळे कोणता दगड, कोणता रस्ता अर्थपूर्ण झाला हे सांगायचं राहतं. असे देव नुसती नावंच ठरतात.