जवारीपाशी अडलेलं शिल्प

मुंबईत शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने माणसाच्या आवाजाला ओ देणारं शिल्प केलंय, ते बघून या, एवढंच संपादकांनी सांगितलं होतं. सर्किटं, सेन्सर, लुकलुकणारे दिवे असं काहीतरी असणार, असं धरून मी गेले. वर्कशॉपमध्ये लोखंडी सळ्यांच्या उंच तिवयांवर पाच भोपळे होते, तंबोऱ्याचे. प्रत्येकावर तुणीच्या लाकडाची तबली, तिच्यावर घोडी आणि घोडीवरून वर एका पाइपाकडे ताणलेल्या चार तारा. तोंडाच्या उंचीवर एक पितळी नळी.

“गुणगुणा,” ती म्हणाली.

मी गुणगुणले. काही झालं नाही. “सूर हळूहळू वर न्या, ताई.” नेला. एका जागी भोपळा एकदम भरून आला आणि माझा श्वास संपल्यावरही तारा बोलत राहिल्या. जरा वर सरकले तर पुन्हा गप्प.

यात संगणक नाही. नळीत मायक्रोफोन आहे. त्याने उचललेला आवाज छोट्या अँप्लिफायरमधून जातो तो तबलीला आतून चिकटवलेल्या, कागदी शंकू नसलेल्या स्पीकरमध्ये. स्पीकर तबली हलवतो, तबली घोडी हलवते, आणि तार फक्त स्वतःचा सूर नि त्याची स्वयंभू स्वरांची भावंडं तेवढी उचलते. सतारीच्या तरफा याच न्यायाने वाजतात. आपल्या सुरात नसलेल्या माणसाला तार दाद देत नाही, आणि ते ठरवणारा प्रोग्राम कुणी लिहावा लागत नाही. मला हे फार आवडलं.

मुंबईच्या शिल्पकलेला विद्यार्थ्यांच्या कामाचं अप्रूप जुनं आहे. सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ सालचं; गणपतराव म्हात्रे यांनी ‘मंदिरपथगामिनी’ घडवली ती १८९६च्या सुमारास, अगदी तरुण वयात. शंभर वर्षांनी तिथेच शिल्पकला शिकून बाहेर पडलेल्या शिल्पा गुप्ता यांनी मायक्रोफोन उलटे जोडून त्यांनाच बोलायला लावलं. अंधाऱ्या खोलीत टांगलेले शंभर मायक्रोफोन, आणि त्यांतून ऐकू येणारे, लिहिल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या शंभर कवींचे शब्द. २०१९च्या व्हेनिस बिएनालेत ते काम होतं. या मुलीने त्याबद्दल वाचलं आणि बोलणारे मायक्रोफोन सोडून देऊन ती मिरजेला गेली.

मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानांतली हत्यारं मागे पडत गेली, तसे फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. पंढरपूरकडचे भोपळे येतात, वाळवले जातात, कापायच्या आधी पाण्यात भिजवले जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिने आणलेले भोपळे मात्र कारागिरांनी बाजूला टाकलेले. एकाचं पोट तिरकं, एकाला चीर. वाद्याला ते चालत नाहीत, शिल्पाला मात्र तो आकारच हवा होता. चिरेवर तिने पितळी टाके घातलेत, आणि ते लपवलेले नाहीत.

खरी गोष्ट पुढे आहे. तारा ओढून, सुरात लावूनही भोपळे पहिल्यांदा मुके वाजले. आवाज होता, पण त्याला झळाळी नव्हती. घोडीला जवारी नव्हती.

तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी सूक्ष्म उतार असतो; तीच जवारी. तार कंप पावताना त्या उतारावर अंशाअंशाने टेकत-सुटत राहते आणि दर वेळी सुरातले वरचे स्वर पुन्हा जागे होतात. तार जिथे छेडाल तिथे पेर, म्हणजे न हलणारा बिंदू, असलेला स्वर तिच्यातून गायब व्हायला हवा, असं युरोपातल्या तारवाद्यांवरून बांधलेलं शास्त्र सांगत होतं. तंबोरा ते जुमानत नाही, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवून दिलं. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात. तो पुढे-मागे करत आवाज उघडेल अशी जागा शोधायची. ती केसाएवढीच असते.

मिरजेच्या एका सतारमेकर चाचांनी तिला पहिल्या घोडीची जवारी काढून दाखवली, तशी माझ्यासमोर तिने पुन्हा काढून पाहिली. कानस दोन बोटांत, मनगट सैल. एक हात फिरवायचा, फुंकर मारायची, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची. शिल्पकाराचा हात डोळ्यांच्या हुकमात वाढलेला असतो. उजेड तिरका पाडून तो उंचवटे बघतो. इथे बघून काही कळत नाही. पाचव्या-सहाव्या फेरीला आवाज किंचित किनरा झाला, ती थांबली, आणि मग एक हात जास्त पडला. जवारी गेली. घोडी पुन्हा सपाट करून पहिल्यापासून.

“चाचा म्हणतात, बेटी, तू हाताने ऐकतेस, कानाने ऐक,” ती म्हणाली. पाचांपैकी दोन घोड्या तिच्या आहेत, तीन चाचांच्या. कुठल्या कुणाच्या हे ऐकून कळतं, आणि ते ती स्वतःहून सांगते.

अडचणी पुष्कळ आहेत. आधी तिने तारा पांढरी दोनमध्ये लावल्या होत्या, म्हणजे सेकंदाला सुमारे १४७ कंपनं. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्‌झची. तिची तिप्पट १५०. अँप्लिफायरमधली ती घरघर तबलीत उतरायची आणि तारेच्या सुराशी भांडायची. सूर सेकंदाला तीनेकदा फुगायचा नि ओसरायचा. लॅमिंग्टन रोडवरून फिल्टर आणून झाले, अर्थिंग तपासून झालं. शेवटी तिने सगळे भोपळे काळी एकवर उतरवले. १३९च्या आसपास ते भांडण उरलं नाही.

दुसरी अडचण शिट्टीची. तारेचा आवाज मायक्रोफोनने ऐकला की तो पुन्हा तबलीत जातो, पुन्हा ऐकला जातो, आणि भोपळा किंचाळू लागतो. पितळी नळी आली ती त्यासाठी. तोंड जवळ आणल्याखेरीज आवाज आत जाऊ नये म्हणून. मला ती शोभेसाठी वाटली होती.

पावसाळ्याला मात्र उपाय नाही. दमट हवेत लाकूड आणि भोपळा फुगतात, तारा बेसूर होतात, सुताचा धागा जागचा हलतो. जून ते सप्टेंबर रोज सकाळी कुणीतरी वीस तारा लावायला हव्यात, आणि जवारी बसली तर ती काढायला हवी. ब्राँझचा पुतळा चौकात उभा केला की पन्नास वर्षं त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही तरी चालतं. हे शिल्प आठवडाभर दुर्लक्षिलं तर मुकं होतं. एका कलादालनाने विचारलं, आवाज रेकॉर्ड करून वाजवता येणार नाही का? माणूस जवळ आला की सेन्सरने सुरू होईल, देखभाल नको. पैसे बरे मिळाले असते. तिने नकार दिला. बेसूर माणसालाही तो तंबोरा उत्तर देईल, मग शिल्पात उरलं काय, हे तिचं म्हणणं. मला ते पूर्ण पटतं. तरी काळजी वाटतेच, कारण तिच्यापुढे अजून खोलीचं भाडं, वर्कशॉपचं भाडं आणि पाच अजस्र भोपळे कुठे ठेवायचे हा प्रश्न आहे.

देखभालीची वही तिने लिहायला घेतलीय. अँप्लिफायरच्या जोडण्या, तारांचे गेज, गोंद कुठला, सगळं आकृत्यांसह. जवारीचं प्रकरण लिहिता येत नाहीय. म्हणून सुट्टी लागली की ती मिरजेला राहायला जाणार आहे. चाचांची अट आहे की निदान सहा महिने तरी पाहिजेत. तिच्याकडे दोन आहेत.