वर्ट शीतन
वर्ट शीतन : माल्टचा अर्क हॉपसह उकळून मिळणारा द्रव (वर्ट) यीस्ट मिसळण्यापूर्वी सु. १००° से. वरून २०° से. पर्यंत निवविण्याची क्रिया. विलंब झाल्यास त्यात नको ते सूक्ष्मजंतू वाढतात. शिवाय उकळताना वाफेबरोबर निघून जाणारे डायमिथिल सल्फाइड साचून बिअरला शिजलेल्या मक्यासारखा वास येतो. ब्रुसेल्सच्या परिसरातील लँबिक बिअरसाठी मात्र वर्ट उथळ हौदात रात्रभर उघडा ठेवतात. तेथे हवेतील यीस्टच हवे असते.

घरगुती बिअरचा घाणा मोठा असल्यास घनफळाच्या मानाने पृष्ठभाग कमी पडतो. सु. २० लि. वर्टास त्यात बुडविलेले तांब्याच्या नळीचे वेटोळे पुरते. त्याहून मोठ्या घाण्यास नळीत नळी बसवून वर्ट व थंड पाणी परस्परविरुद्ध दिशांनी वाहविणे श्रेयस्कर. मात्र पाण्याच्या तापमानाखाली वर्ट उतरत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात शेवटी बर्फाचे पाणी फिरवावे लागते.