माळीण : रस्ता, गाडी आणि माणसांची मोजदाद

व्यापार रस्त्याच्या मागोमाग जातो, हे जुन्नर-आंबेगावच्या मातीला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सातवाहनकाळी कोकणातील बंदरांवर उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजारपेठेत येई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण त्या जकातीची खूण म्हणून आजही दाखविला जातो. आज तेच काम पुणे-नाशिक महामार्ग करीत आहे. मंचर, नारायणगाव, आळेफाटा या पेठा त्याच्याच आधाराने वाढल्या. दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. सारी भिस्त रस्त्यावर आहे.

मंचरहून पश्चिमेस वळून घोडेगाव मागे टाकले की मात्र चित्र पालटते. डिंभे धरणाच्या जलाशयापलीकडे सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी समाजाची छोटी छोटी गावे विखुरलेली आहेत. भात, नाचणी आणि रानातला हिरडा हे त्यांचे उत्पन्न. बाजार, दवाखाना, कचेरी, महाविद्यालय या सर्वांशी गावाला जोडणारा धागा एकच, तो म्हणजे एस.टी.ची गाडी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, तिचे खरे मोल अशाच गावांना कळते.

माळीण हे त्यांपैकीच एक गाव. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी मुसळधार पावसात डोंगराचा कडा खचला आणि काही क्षणांत गावातील चाळीसहून अधिक घरे चिखलाखाली गाडली गेली. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हाक मारायला फारसे कोणी उरले नव्हते. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.चालकाला रोजच्या जागी गावच दिसेना. त्याने माघारी फिरून खबर दिली, तेव्हा जगाला ही दुर्घटना समजली. ती फेरी नसती, तर मदतीला आणखी किती विलंब झाला असता, याची कल्पनाही करवत नाही.

त्यानंतर प्रश्न उभा राहिला तो मोजदादीचा. जनगणनेच्या पुस्तकात गावाची लोकसंख्या हा एक आकडा असतो. पण त्या सकाळी घरात नेमके कोण होते, मजुरीसाठी वा शिक्षणासाठी बाहेर कोण गेले होते, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. डोंगरी गावातील माणूस नोंदीने गावात, पोटासाठी शहरात आणि सणाला पुन्हा गावात असतो. ढिगाऱ्याखाली किती जण आहेत, हे ठरविणे म्हणूनच अवघड झाले.

रस्त्याचे मोल ९ वर्षांनी पुन्हा दिसले. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेथे वाहन जाईल असा रस्ताच नव्हता. बचावपथके पायवाटेने डोंगर चढून गेली. अवजड यंत्रे खालीच राहिली. माळीणला अरुंद आणि पावसाने खराब झालेला का होईना, रस्ता होता. त्यामुळे यंत्रे पोहोचू शकली.

मात्र रस्ता म्हणजे डोंगर हवा तसा कापण्याचा परवाना नव्हे. माळीणच्या बाबतीत अतिवृष्टीबरोबरच उतारावरील जमीन सपाट करण्याच्या कामांकडेही अनेकांनी बोट दाखविले होते. पाण्याला वाट ठेवून, उतार सांभाळून बांधलेला रस्ताच गावाला तारतो.

एप्रिल २०१७ मध्ये जवळच नव्या जागी वसविलेले माळीण ग्रामस्थांच्या स्वाधीन झाले. घरे पक्की झाली. तरी गावाचे जगणे बाजाराशी असलेल्या दुव्यावरच उभे आहे. पेठेतील व्यापारी हिरडा आणि तांदूळ तोलून घेतो, तेव्हा त्या मालामागे एक गाव असते. गाडी तोट्यात चालते म्हणून फेरी बंद करण्याचा हिशेब मांडला जातो, तेव्हा पेठेने गावाच्या बाजूने उभे राहावे. मुक्कामी गाडी गावात येते की नाही, पावसाळ्यात रस्ता टिकतो की नाही, याची चौकशी करणे हे पेठेचेही कर्तव्य आहे. एका फेरीची किंमत केवळ तिकिटांच्या जमेवरून ठरत नाही, हे माळीणने फार मोठी किंमत मोजून शिकविले आहे.