गाडी चुकली की मनात कोणतं वाक्य येतं? स्वतःशी बोलण्याकडे लक्ष देण्याची सोपी रीत

सकाळची वेळ. डोंबिवलीच्या फलाटावर फास्ट लोकल येते, दारात पाय ठेवायला जागा नसते आणि गाडी निघून जाते. त्याच क्षणी मनात एक वाक्य उमटतं: "झालं, आजचा दिवस वाया!" शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या मनात वेगळं वाक्य असतं: "जाऊ दे, पुढची बघू." गाडी दोघांचीही चुकली. पण एक जण ठाणे येईपर्यंत धुमसत राहतो, दुसरा नाही.

हा फरक जिथे तयार होतो तिकडे लक्ष देणं म्हणजे आत्मनिरीक्षण. तिथे जे बोललं जातं, तो स्वसंवाद.

वाक्यातला हट्टी 'च'

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. तिचं सार असं: घटना थेट भावना निर्माण करत नाही, मध्ये आपला विचार असतो. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' (आयपीएच) या संस्थेने हा विचार मराठीतून अनेकांपर्यंत पोहोचवला.

हा विचार ओळखायची मराठीत एक सोपी खूण आहे. 'च' शोधा. "हीच गाडी मिळायलाच हवी", "साहेबांनी मला मान दिलाच पाहिजे". इच्छा असायला हरकत नाही. तिची सक्ती झाली की त्रास वाढतो.

मनाला हाक मारणारे श्लोक

समर्थ रामदासांचे 'मनाचे श्लोक' घराघरात पाठ असतात. २०५ श्लोकांत ते मनाशी बोलतात. कधी समजावतात, कधी बजावतात, पण हाक मारतात ती 'सज्जन' म्हणून. मनाला अशी हाक मारली की ऐकणारं मन आणि बोलणारा मी, यांच्यात थोडं अंतर पडतं. अध्यात्मात याला साक्षीभाव म्हणतात. "मी चिडलोय" याऐवजी "मनात चीड आली आहे" असं दिसू लागतं. ज्याला ती दिसते, तो तिच्यात पूर्ण बुडालेला नसतो.

मानसशास्त्रातही याच्या जवळचं निरीक्षण आहे. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधल्या अभ्यासात, तणावाच्या प्रसंगी 'मी' न म्हणता स्वतःला नावाने संबोधणाऱ्यांना ताण सांभाळणं सोपं गेलं.

करून कसं पाहायचं?

१. वाक्य पकडा. भावना तीव्र झाली की विचारा, "आत्ता मी स्वतःला नेमकं काय म्हणालो?" जसंच्या तसं आठवा.

२. हाक मारा. मनातल्या मनात स्वतःचं नाव घ्या, किंवा नुसतं "मना" म्हणा.

३. तपासा. हे खरं आहे का? यात 'च' आहे का? मित्राला मी असं बोललो असतो का?

४. खरं वाक्य द्या. "सगळं छान आहे" हे मनाला पटत नाही. "उशीर होईल, ऑफिसला फोन करावा लागेल, पण दिवस संपलेला नाही" हे पटतं.

रात्री पाच मिनिटं काढून दिवसभरातलं असं एकच वाक्य वहीत लिहिलं तरी पुरे. आठवड्याभरात तीच वाक्यं परत परत येताना दिसू लागतील.

कुठे चुकतं?

पहिली चूक म्हणजे स्वतःलाच आरोपी करणं. "मी पुन्हा चिडलो, मला जमतच नाही" हाही स्वसंवादच, तोही तपासा. दुसरी, सगळा दोष मनावर टाकणं. कल्याण-डोंबिवलीची गर्दी खरी आहे, तिची तक्रार करावीच. फक्त "हीच गाडी हवी" या एका वाक्यापायी दाराला लटकू नका. तिथे प्रश्न जिवाचा असतो.

आणि मनातली वाक्यं "जगून काय उपयोग" अशी होऊ लागली, तर एकट्याने निरीक्षण करत बसू नका. घरच्यांना सांगा, डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे आणि २४ तास सुरू असते.

बाकी रोजच्या सरावाला वेगळी जागा लागत नाही. पुढची गाडी येईपर्यंतची चार मिनिटं पुरतात.