काळ्या मातीचा पहारा

नार्नूर परिसरातील कापसाच्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात. पाऊस पडला की माती फुगून त्या मिटतात. कन्नडमध्ये ‘एरे’ म्हणतात त्या या मातीचीच भावकी म्हणजे बेंटोनाइट. अणुकचरा काचेत गोठवण्याचे काम तारापूरला १९८५ साली सुरू झाले. ती काच खोल खडकात पुरायची, तर भोवती अशी फुगणारी माती भरायची. खडक उष्णता कशी सोसतो, याचे प्रयोग कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९८०च्या दशकातच झाले.

वर्गात मी एक गणित सांगतो. दाबून भरलेल्या ओल्या मातीतून पाणी जवळजवळ वाहत नाही. कण फक्त पाझरतात. थर दुप्पट केला, की पार व्हायला वेळ चौपट. सीझियम-१३७ला माती धरून ठेवते आणि दर तीस वर्षांनी ते निम्मे होते. म्हणजे वाटेतच सरते. आयोडीन-१२९ मात्र मातीला चिकटत नाही, निम्मे व्हायला दीड कोटी वर्षे घेते. तिथे भरवसा एवढाच, की ते अगदी थोडे थोडे बाहेर पडेल.

माती कचरा कायमचा अडवत नाही, उशीर करते. म्हणून वाचकहो, कुणी ‘सुरक्षित’ म्हणाले, तर आधी आयोडीनचा हिशेब मागावा.