झेंडूचं तेल : भट्टी घेण्याआधी हे वाचा



दिवाळीनंतर झेंडूचे दर पडले की 'फुलांचं तेल काढा, सुजेवर चालतं' असा सल्ला मिळतो. आधी एवढं समजून घ्या.

फुलाचा पिवळा-केशरी रंग ल्युटीनचा; तो वाफेच्या भट्टीत उतरत नाही. वाफेवर निघतं ते सुगंधी तेल, तेही अगदी थोडं. त्यात लिमोनीन, पिपेरिटोन, कॅरिओफायलीन हे घटक असतात. कॅरिओफायलीनने सूज उतरते, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. पण तेवढ्याने तेल औषध ठरत नाही.

निव्वळ तेल अंगाला लावून उन्हात जाऊ नका, कातडी भाजू शकते. परवान्याशिवाय बाटलीवर 'सुजेवर औषध' लिहून विकू नका. खरेदीदार लेखी ठरल्याशिवाय भट्टीत पैसा घालू नका.