सोळा आण्यांपैकी किती?

सुकेळी खिंड उतरून कोलाडकडे निघाले की महामार्गावर आमचे खांब गाव लागते. आजीला मधुमेह होऊन बारा वर्षे झाली. साखर वाढली की घरात एकच वाक्य ऐकू येते, "ती ऐकतच नाही." मानसशास्त्राच्या तासाला 'स्वक्षमता' शिकेपर्यंत मीही तेच म्हणत होते.

आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलेला विचार थोडक्यात असा: एखादे काम कसे करावे हे ठाऊक असणे वेगळे आणि ते आपल्या हातून होईल अशी खात्री असणे वेगळे. ही खात्री म्हणजे स्वक्षमता. दमा, संधिवात, मधुमेह अशा दीर्घकालीन आजारांत डॉक्टर भेटतात महिन्या-दोन महिन्यांनी. बाकीचे दिवस रोगी स्वतःच आजार सांभाळतो. म्हणून ही खात्री मोजणे अगत्याचे. स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग व सहकाऱ्यांनी संधिवाताच्या रोग्यांसाठी केलेली मापनश्रेणी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे कोणत्याही दीर्घकालीन आजाराला चालेल अशी सहा प्रश्नांची श्रेणीही तिथेच तयार झाली. थकवा, वेदना, मनस्ताप यांमुळे आपली कामे अडणार नाहीत याची किती खात्री वाटते, असे त्यातले प्रश्न. उत्तर १ ते १० मधला आकडा, आणि सर्वांची सरासरी म्हणजे गुण.

याच धर्तीवर मी आजीला प्रश्न विचारले. प्रत्येकाला उत्तर, "दहा!" नात नापास होऊ नये म्हणून ती मायेने गुण वाटत होती.

चूक माझीच होती. "पथ्य पाळशील ना?" या प्रश्नातून इरादा कळतो, खात्री नव्हे. 'पाळीन' आणि 'पाळू शकेन' यांत अंतर आहे. शिवाय 'पथ्य' हा शब्द फार मोघम. प्रश्न नेमक्या प्रसंगाचा हवा आणि सोप्याकडून अवघडाकडे चढत जाणारा हवा. नाहीतर सर्वांनाच पैकीच्या पैकी पडतात.

आकडाही बदलला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीच्या लहानपणी रुपया सोळा आण्यांचा होता, तेव्हा खात्रीही आण्यांतच विचारली. (असे केल्यावर माझे आकडे मूळ श्रेणीशी ताडता येत नाहीत. त्यासाठी रीतसर भाषांतर, उलट भाषांतर आणि पुष्कळ रोग्यांवर पडताळणी लागते. सरांनी हे वहीत लाल शाईने लिहिले आहे.)

गोळी वेळेवर घेणे: सोळा आणे. दुपारचा भात निम्म्यावर आणणे: दहा. लग्नाच्या पंगतीत आग्रहाने वाढलेली जिलबी नाकारणे: चार. रोज अर्धा तास चालणे: दोन!

जन्मभर चिखलात भातलावणी केलेली बाई, आणि चालायला दोन आणे? कारण विचारले. "तू चाल बघू त्या ट्रकांच्या कडेने," ती म्हणाली. चालायचे म्हणजे दारासमोरच्या रस्त्यावर, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले होते. बारा वर्षांत तिला कोणी विचारलेच नव्हते.

स्वतः मिळवलेले लहानसे यश हा स्वक्षमता वाढण्याचा सर्वांत भक्कम आधार, असे बांडुरा सांगतात. दुसऱ्याचे पाहून किंवा कोणी धीर दिल्यानेही ती वाढते, पण तेवढी नव्हे. दिवाळीनंतर शेत मोकळे झाले तेव्हा घरामागच्या खळ्यावर पाच मिनिटांपासून सुरुवात केली, शेजारच्या काकूंच्या सोबतीने. महिन्याने पुन्हा विचारले तर दोनाचे नऊ आणे झाले होते. पंगतीचे मात्र अजून चारच आहेत, आणि वैशाखात आमच्याच घरी लग्न आहे.